दोन वर्षं पोहतोय, वेळ जागच्या जागी. ट्रायथलॉनसाठी कोच लावावा का?

दमछाक

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ४१. पळणं आधीपासून आहे, सायकल पाच-सहा वर्षं, आणि दोन वर्षांपूर्वी एका मित्राने डोक्यात ट्रायथलॉनचं खूळ भरवलं. ऑलिंपिक डिस्टन्सच्या दोन झाल्या, म्हणजे १५०० मीटर पोहणं, ४० किमी सायकल, १० किमी पळणं. दोन्ही वेळा पाण्यातून बाहेर येऊन धावत सायकलींपाशी गेलो तर अख्खा स्टँड रिकामा आणि माझी सायकल एकटी उभी, लग्न आटोपल्यावर मांडवात चुकून राहिलेल्या पाहुण्यासारखी.

आता मुद्दा. दोन वर्षं आठवड्यातून चार दिवस टँकवर जातोय, दांडी जवळपास नाही. १०० मीटर जीव तोडून मारले तर २:२०, १५०० सलग केले तर ४१ मिनिटं, उघड्या पाण्यात ४३-४४. हेच आकडे गेल्या वर्षी होते आणि लक्षणं अशी की पुढच्या वर्षीही हेच असतील. २५ मीटरच्या एका लांबीला २८ हात लागतात, मोजलेत. पळण्यात कसं, चार किलोमीटर वाढवले, एक दिवस चढावर पळालो की दोन महिन्यांत फरक दिसतो. इथे सगळं पालथ्या घड्यावर पाणी. व्हिडिओ इतके बघितलेत की हाय एल्बो, कॅच, रोटेशन सगळे शब्द पाठ आहेत, पाण्यात उतरलं की त्यातला एकही आठवत नाही कारण तेव्हा फक्त श्वास आठवतो.

तर विचारायचं हे की ट्रायथलॉनवाल्यांना शिकवणारा एखादा जाणता कोच लावावा का? चाळिशीत आणि "पोहता येणाऱ्या" माणसाला तो नेमकं काय शिकवतो? की हे पैसे सायकलच्या चांगल्या चाकांवर घालावेत?

पाणघोडा

दमछाक हा आयडी घेऊन पोहण्याचा धागा काढलात, निम्मं निदान तिथेच झालं. हलके घ्या.

चक्रधर

मी स्पष्ट बोलणार, राग मानू नका. ५१.५ किमीच्या शर्यतीत पोहणं दीड किमी, ३ टक्केसुद्धा नाही. फुल डिस्टन्स घेतली तर २२६ किमीत ३.८. तुम्ही वर्षभर कोच लावून पोहण्यातली चार-पाच मिनिटं कमी करणार, तेवढीच मेहनत सायकलवर घातली तर त्याच्या दुप्पट वाचतील. मी स्वतः पाण्यातून शेवटच्या दहात बाहेर येतो आणि मग सायकलवर एकेकाला गाठत जातो, त्यात मजा वेगळीच आहे. चाकंच घ्या.

तळ्यातमळ्यात

चक्रधर, हिशोब बरोबर आहे तुझा पण मांडलास चुकीच्या वहीत.

दमछाकदादा, मी लहानपणापासून स्पर्धेत पोहले आणि गेली काही वर्षं मोठ्या माणसांना शिकवते, त्यात निम्मे पळणारे नाहीतर सायकलवाले असतात. तुमची गोष्ट मी महिन्याला एकदा तरी ऐकते. पाणी हवेपेक्षा जवळपास ८०० पट दाट आहे. वेग वाढवला की पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी ताकद घनाने. म्हणजे १० टक्के वेग वाढवायला साधारण ३३ टक्के जास्त ताकद. ३३ टक्के ताकद कोणाच्या खिशात पडलेली असते? पळणारी माणसं पाण्यात आली की सवयीने जोर लावतात, आणि तो जोर पाणी ढवळण्यात जातो. याउलट विरोध कमी केला तर आहे त्याच ताकदीत पुढे जाता. विरोध कमी करायचा म्हणजे आडवं राहायचं, बस्स. डोकं जरा वर उचललं की तराजूसारखी कंबर खाली जाते आणि कंबरेमागून पाय. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात ते आमच्या धंद्यात शब्दशः खरं आहे.

आता दोन वर्षांच्या मेहनतीचं काय झालं ते सांगते. २५ मीटरला २८ हात, १५०० म्हणजे ६० लांब्या, म्हणजे १६८० हात. आठवड्यातून चार दिवस. दर आठवड्याला साडेसहा हजारांवर वेळा तुम्ही तीच चूक गिरवताय. सही घोटतात तशी घोटून घोटून पक्की केलीत. ती आता जास्त पोहून जाणार नाही, उलट जास्त पोहाल तर जास्त पक्की होईल. म्हणून बाहेरून बघणारा कोणीतरी लागतो.

आणि चक्रधरच्या ३ टक्क्यांबद्दल. प्रश्न चार मिनिटांचा नाहीच. पाण्यातून माणूस कसा बाहेर येतो त्याचा आहे. दमछाकदादा, सायकलवर बसल्यावर पहिले ८-१० किमी काय करता तुम्ही?

दमछाक

तळ्यातमळ्यातताई, खरं सांगू का, धापा टाकतो. घड्याळात ठोके बघायची हिंमत होत नाही.

चक्रधर

बरं बाई, मान्य, वही चुकली. पण मूळ भांडण तेच आहे बघ. १९७८ साली हवाईत पहिली आयर्नमॅन झाली ती याच वादातून की पोहणारा, सायकलवाला आणि पळणारा यात जास्त दमदार कोण. तिथलं एक समुद्रातलं पोहणं, एक सायकल राइड आणि एक मॅरेथॉन, तिन्ही एकाला एक जोडलं, १५ जण उतरले आणि १२ पोचले. वाद काही मिटला नाही, तोच आज आपण इथे घालतोय.

संथलहर

कोच म्हणजे डोळे विकत घेणं, एवढंच म्हणेन. माझा अनुभव लिहितो, थोडा लांबेल.

मीही असाच अडकलेलो. कोचने पहिल्याच दिवशी पाण्याखालून व्हिडिओ काढला, समोरून आणि बाजूने. बाहेर येऊन टॉवेल गुंडाळून स्क्रीनवर बघितलं आणि पहिलं वाक्य तोंडातून आलं ते "हा कोण आहे?" माझी पक्की समजूत होती की माझे हात खांद्यासमोर सरळ पडतात. व्हिडिओत डावा हात नाकाच्या समोरून पार पलीकडे उजव्या खांद्यापर्यंत जात होता, आणि प्रत्येक वेळी तो तसा गेला की कंबर दुसऱ्या बाजूला झोल खायची आणि तोल सावरायला पाय कात्रीसारखे फाकायचे. म्हणजे मी २५ मीटर सरळ जातच नव्हतो, सापासारखा वळवळत जात होतो. आणि मी सहा महिने काय सुधारत होतो? पाय. कारण पाय फाकतात हे कुणीतरी काठावरून सांगितलं होतं. मूळ दुखणं हातात, औषध पायाला.

पुढची गंमत अशी. कोच म्हणाले, समोर घड्याळ आहे असं समज, हात ११ आणि १ वर टाक. मी टाकले. ते म्हणाले अजून रुंद. मी म्हटलं अहो आता १० आणि २ वर टाकतोय, विमानासारखा दिसत असेन. परत व्हिडिओ काढला. हात जेमतेम सरळ होते! अंगाला जे वाटतं आणि अंग जे करतं यात एवढं अंतर असतं हे मला तोवर खरंच माहीत नव्हतं, आणि पुस्तक किंवा व्हिडिओ बघून शिकण्यात नेमकं तेच कळत नाही कारण तुम्ही बघता दुसऱ्याचा व्हिडिओ.

पाणघोडा

+१. "औषध पायाला" भारीच. वाचनखूण साठवली.

माझं पण एक सांगतो. सायकलवाल्यांचे घोटे इतके ताठ असतात की पाऊल मागे नीट ताणलंच जात नाही, नांगरासारखं खाली लोंबतं. मी किकबोर्ड (हातात धरायची तरंगती फळी) धरून नुसते पाय मारले तर पुढे जात नाही. एकदा तर मागे गेलो. शेजारच्या लेनमधल्या आजींनी थांबून विचारलं, बाळा मुद्दाम करतोयस का.

तळ्यातमळ्यात

पाणघोड्या, हसायची गोष्ट नाही (हसले मी), हे खरंच होतं आणि वरचेवर दिसतं. टाचांवर बसून घोटे ताणायचा व्यायाम रोज दोन मिनिटं, गुडघे दुखत नसतील तरच.

मासोळी

माझा प्रश्न जरा वेगळा पण धाग्याला धरूनच आहे. मला १०० मीटरला ३:२० लागतात. हाफ डिस्टन्सला नाव दिलंय, त्यात १.९ किमीला १ तास १० मिनिटांची मुदत असते, म्हणजे माझ्या वेगाने ६३ मिनिटं, वर फक्त सात शिल्लक, तीही सरळ पोहले तर. टँकमध्ये तळाला काळी रेघ दिसते तोवर सगळं ठीक. उघड्या पाण्यात खाली बघितलं की नुसतं हिरवट काळोख, आणि छातीत काहीतरी घट्ट होतं, मग मी मान वर काढून ब्रेस्टस्ट्रोक करत बसते. हे कोचकडून सुटतं का, की हे मनाचं दुखणं आहे?

तळ्यातमळ्यात

मासोळी, दोन्ही आहे, आणि दोन्हीवर कामही होतं. घट्ट वाटतं त्याचं मोठं कारण बऱ्याचदा हे असतं की माणूस पाण्यात श्वास रोखून धरतो. आत कार्बन डायऑक्साइड साचला की मेंदू ओरडायला लागतो, हवा हवी हवा हवी. हवा असते, शिळी सोडलेली नसते. थंड पाण्यात अंग गेलं की पहिल्या मिनिटभरात धाप येते, ती बहुतेकांना येते, म्हणून सुरुवातीआधी पाण्यात उतरून चेहऱ्यावर पाणी घेऊन दोन-चार मिनिटं सवय करायची. आणि शर्यतीत सुरक्षेची कयाक किंवा बोर्ड असतो तो धरून थांबलं तर चालतं, त्याला धरून पुढे सरकायचं नाही एवढीच अट. हे नुसतं माहीत असलं तरी निम्म्या लोकांची भीती उतरते.

रेषा सोडून जाण्याचं म्हणाल तर दर सहा-आठ हातांनी नुसते डोळे पाण्यावर आणायचे, मगरीसारखे, अख्खं डोकं नाही. डोकं काढलंत की पाय गेले खाली. श्वास बाजूलाच घ्यायचा, समोर बघताना नाही. हे टँकमध्येसुद्धा शिकता येतं, डोळे मिटून सहा हात मारा आणि मग बघा कुठे आहात. लेन मोकळी असताना हं, आणि सावकाश.

एक मात्र नीट लक्षात ठेवा. धाप नेहमीची नसेल, खोकला येत असेल आणि थुंकीत फेस किंवा गुलाबी रंग दिसला तर ती भीती नाही, फुप्फुसात पाणी साचल्याचं लक्षण असू शकतं. तिथल्या तिथे थांबायचं, मदत मागायची आणि डॉक्टर. शर्यत गेली खड्ड्यात.

दमछाक

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. कोच शोधायला लागलोय. काय बघून ठरवायचं?

संथलहर

पहिल्या भेटीत तो किती बोलतो त्यापेक्षा किती बघतो ते बघा. आणि विचारा की माझ्यात आधी काय दुरुस्त कराल. सात गोष्टी सांगितल्या तर नमस्कार करून निघा.

तळ्यातमळ्यात

खांद्याचं जुनं दुखणं आहे का हे त्याने स्वतःहून विचारायला हवं, चाळिशीतल्या माणसाला तर हवंच. अंगठा खाली करून हात पाण्यात खुपसणारे बरेच असतात आणि मग वर तळहातांना मोठी पॅडल्स (प्लास्टिकच्या पट्ट्या) लावून पोहतात, खांदा गेलाच समजा. दुसरं म्हणजे त्याला ट्रायथलॉन काय असतं ते ठाऊक हवं. ५० मीटरचा वेगवान पोहणारा घडवणं वेगळं आणि १५०० मीटर पोहून सायकलवर ताज्या पायांनी बसणारा घडवणं वेगळं.

दमछाक

धागा वर काढतोय. तीन आठवडे झाले, वृत्तांत देतो.

पहिला कोच फसला. माणूस चांगला, मुलांना पदकं मिळवून देणारा, पण त्याने मला सरळ मुलांच्या बॅचमध्ये टाकलं. काठावरून एकच आवाज, पाय मार, पाय मार, पाय मार! बारा वर्षांची पोरं माझ्या अंगावरून जात होती आणि मी सहा-सहा किक मारत अर्ध्या लेनमध्ये फेफरं आल्यासारखा. चार दिवसांत मांड्या भरून आल्या आणि पाचव्या दिवशी सायकलवर बसलो तर पायात काही उरलंच नव्हतं.

दुसऱ्या कोच म्हणजे एक मॅडम आहेत, स्वतः लांब पल्ल्याचं पोहलेल्या. पहिल्या दिवशी वीस मिनिटं त्या एक शब्द बोलल्या नाहीत. काठाने माझ्याबरोबर चालत होत्या, मधेच गुडघ्यावर बसून बघायच्या, मधेच लांब जाऊन. मग म्हणाल्या ४०० मीटर जमेल तेवढे जोरात, विश्रांती, मग २००. माझे आले १०:२८ आणि ४:५८. त्यांनी वजाबाकी केली, साडेपाच मिनिटं, त्याचे दोन भाग, २:४५. हा म्हणे तुझा खरा वेग, १०० मीटरला, जो तू बराच वेळ टिकवू शकतोस, याला सीएसएस, म्हणजे क्रिटिकल स्विम स्पीड, म्हणतात. मी म्हटलं पण मी २:२० मारतो की. त्या म्हणाल्या, एकदा. मग?

मग व्हिडिओ. संथलहर, तुमच्यासारखंच झालं, मीही "हा कोण" म्हणालो. डोकं वर, कंबर खाली, उजवीकडे श्वास घेताना डावा हात आधारासाठी पाणी खाली दाबतोय, पाय कात्री. मला वाटलं आता यादी मिळणार. मॅडम म्हणाल्या, यातलं काहीच आत्ता करायचं नाही. तू श्वास सोडत नाहीस.

आणि खरंच, स्क्रीनवर तोंडाजवळ एकही बुडबुडा नव्हता! मी तोंड बाहेर आल्यावर त्या अर्ध्या सेकंदात आधी सोडत होतो, मग घेत होतो, म्हणून डोकं जास्त वेळ बाहेर, म्हणून कंबर खाली, म्हणून हात दाबायचा. त्यांनी उथळ भागात नेलं आणि सांगितलं, सगळी हवा सोड आणि तळाला मांडी घालून बस. हसू आलं मला. बसायला गेलो तर बसताच येईना, बुचासारखा वर! मला वाटत होतं सगळी सोडली, पण अर्धी छाती भरलेलीच असायची. आठव्या की नवव्या वेळेला एकदाचा बुडाला तळ लागला, कानात नुसता बुडबुड्यांचा आवाज, आणि कसं सांगू, पहिल्यांदा पाण्यात शांत वाटलं. एक्केचाळिसाव्या वर्षी तळाला बसायला शिकलो.

आता दोन आठवडे फक्त तेच आणि कुशीवर तरंगणं. एक हात पुढे, सहा किक, कूस बदल, परत सहा किक. घड्याळ काढून ठेवायला सांगितलंय.

पाणघोडा

दंडवत मॅडमना. वीस मिनिटं गप्प बसणारा कोच मी अजून बघितला नाही.

चक्रधर

किकचं मात्र त्या पहिल्या कोचचं काय चुकलं? वेगवान लोक दोन हातांमागे सहाच मारतात ना.

तळ्यातमळ्यात

मारतात, आणि त्यांना शोभतं. पण पायाचे स्नायू मोठे, ऑक्सिजन खातात बक्कळ, आणि ताठ घोट्यांनी त्यातून पुढे ढकलणं जवळजवळ शून्य. ट्रायथलॉनला प्रत्येक हाताला एक किक अशी दोनची लय पुष्कळांना पुरते, ती वेगासाठी नाही, कूस वळायला आणि पाय वर राहायला. ती मुलांची कसरत चुकीची नव्हती, माणूस चुकीचा होता.

दमछाक

सहा आठवडे. वैतागून लिहितोय.

हळू झालोय! १५०० ला ४३ लागले टँकमध्ये. आधी ४१ होते. म्हणजे कोच लावून दोन मिनिटं गमावली. हात कुठे टाकायचा याचा विचार केला की श्वास विसरतो, श्वास लक्षात ठेवला की हात जातो नाकासमोर. काल पुल बॉय (पाय वर तरंगत ठेवणारा फोमचा ठोकळा) पायात धरून पोहलो, एकदम २:३० ने छान गेलो, बरं वाटलं, तर मॅडमनी काढून घेतला.

संथलहर

हे होतंच. जुनी सही मोडली, नवी अजून बसली नाही. मला आठ आठवडे लागले होते. पी हळद आणि हो गोरी असं पोहण्यात नसतं हो.

चक्रधर

पुल बॉय का काढला पण? वेग दिसतोय त्यात. आणि शर्यतीत वेटसूट, तो तरंगवणारा रबरी पोशाख, असतोच की पाय वर धरायला.

तळ्यातमळ्यात

वेटसूट असतोच असं नाही. वर्ल्ड ट्रायथलॉन या जागतिक संघटनेच्या नियमात हौशी गटाला १५०० मीटरपर्यंत पाणी २२ अंशांच्या वर गेलं की वेटसूट बंद, आयर्नमॅनला ही मर्यादा २४.५ अंश. कोमट पाण्यात काय करणार?

पुल बॉयने वेग वाढला हीच खरी बातमी आहे. पाय कोणीतरी वर धरले की तुम्ही १५ सेकंदांनी वेगवान होता, म्हणजे हात बरे आहेत, चोर कंबरेत आहे. मॅडमनी चोर दाखवला आणि काठी काढून घेतली. मीही तेच केलं असतं. कधीमधी वापरायला हरकत नाही, पण लोक त्याच्याशी लग्न लावतात.

दमछाकदादा, एक विचारू? २५ मीटरला हात किती लागतात आता?

दमछाक

अरेच्चा. मोजलेच नव्हते. आज मोजले, २४.

तळ्यातमळ्यात

मग गप्प बसा आणि पोहा. :)

पण २४ चे १८ करायच्या मागे लागू नका. काही लोक हात पुढे ठेवून इतके घसरत राहतात की दोन हातांच्या मध्ये थांबूनच जातात, मग परत गाडी धक्का मारून सुरू करायची. लाटांमध्ये तर ते अजिबात चालत नाही. कमी हात हा पुरावा आहे, ध्येय नाही.

मासोळी

माझ्याजवळपास असा कोच नाही. कोणाला व्हिडिओ पाठवून सल्ला घेता येतो का? केलंय का कोणी?

संथलहर

येतो, आणि अजिबात न बघण्यापेक्षा खूपच बरा. मी मधे वर्षभर तसंच केलं. टँकवाल्यांची आधी परवानगी घ्या आणि फ्रेममध्ये दुसरं कोणी येणार नाही अशी वेळ निवडा, यावरून भांडणं होतात. बाजूने, समोरून, आणि जमलं तर पाण्याखालून. फोन वॉटरप्रूफ कव्हरमध्ये घालून मैत्रिणीला धरायला सांगा, हात स्थिर हवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ताजं असताना एक घ्या आणि ५००-६०० मीटर झाल्यावर एक घ्या. ताजेपणी सगळेच सुंदर पोहतात हो, दमल्यावर खरं रूप कळतं. कमी एवढीच की तळाला बसवायला कोणी येत नाही. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा लांब जाऊन प्रत्यक्ष दाखवता आलं तर सोनं.

चक्रधर

अवांतर: मागच्या रविवारी उघड्या पाण्यात सरावाला गेलो होतो, एकाच्या पायांमागे चिकटून पोहलो, कसला फुकटचा प्रवास! सायकलवर हौशी गटाला बहुतेक ठिकाणी मागे चिकटायला बंदी, पाण्यात मात्र राजरोस चालतं हे मला इतकी वर्षं डोक्यातच आलं नव्हतं. पण समोरचा रेषा सोडून भलतीकडे गेला आणि मीही त्याच्यामागे वरात काढत गेलो, २०० मीटर जास्त.

आणि हो, कोणी हसणार असेल तर आत्ताच हसून घ्या. मीही तळाला बसून बघितलं. नाही बसता आलं.

पाणघोडा

ठ्ठो! चाकं विका, कोच लावा.

दमछाक

साडेचार महिने झाले. आकडे आधी टाकतो, कारण चक्रधर तेच विचारणार.

४०० मीटर ९:२०, २०० मीटर ४:३२. वजाबाकी ४:४८, म्हणजे सीएसएस २:२४. आधी २:४५ होता. १५०० टँकमध्ये ३६:५०. २५ मीटरला २२ हात. आणि गंमत म्हणजे जीव तोडून १०० मारले तर २:१४. म्हणजे जोर लावून पोहण्यात अवघे सहा सेकंद सुधारले आणि टिकवून पोहण्यात एकवीस. ताकद तीच आहे, गळती बुजली.

मॅडमकडे आता दोन आठवड्यांतून एकदाच जातो, बाकी माझं मी. त्या म्हणतात रोज माझ्यासमोर पोहलास तर माझ्यासाठी पोहशील. आठवड्याला चार दिवस, एका वेळेला चाळीसच मिनिटं, आणि पहिली दहा अजूनही बुडबुडे आणि कुशी. मधे डाव्या खांद्यात चमक आली होती तर पंधरा दिवस पॅडल्स कपाटात आणि अंगठ्याऐवजी बोटांची टोकं आधी पाण्यात, त्याने थांबली.

परवा ऑलिंपिक डिस्टन्स होती. पाणी बऱ्यापैकी हलत होतं, पहिल्या वळणाला कोणाचा तरी गुडघा चष्म्यावर बसला, डाव्या काचेत पाणी गेलं ते शेवटपर्यंत तसंच. ३९ मिनिटं. टँकपेक्षा दोन जास्तच, पण मागच्यापेक्षा चार कमी. बाहेर येऊन धावत सायकलीपाशी गेलो तर माझी सायकल सापडेना! इतक्या सायकली शिल्लक होत्या की रांग चुकलो. हे मी आयुष्यात पहिल्यांदा केलं आणि त्यात अर्धं मिनिट घालवलं. ठोके बघितले या वेळी, बघण्यासारखे होते.

चक्रधर

मी आकडे विचारणार नव्हतो. सायकल किती लागली?

दमछाक

तीन मिनिटांनी कमी. चाकं तीच जुनी.

चक्रधर

मॅडमचा नंबर इथे टाकू नका, पण मला व्यक्तिगत निरोप करा.

मासोळी

खूप खूप अभिनंदन! माझी हाफ पुढच्या महिन्यात आहे. ते मगरीचे डोळे जमायला लागलेत, ३:२० चे ३:०५ झाले. एक शंका, ते तळाला बसताना हवा नाकाने सोडायची की तोंडाने? नाकाने सोडली की शेवटी पाणी जातं वर.

दमछाक

मी दोन्हीने सोडतो. नाकाने बारीक धार चालूच ठेवायची, वर येईपर्यंत बंद करायची नाही, बंद केली की पाणी घुसतं. गुणगुणून बघा, हम्म्म् करत, आपोआप सुटते. मॅडमचीच युक्ती.

मला आता नवीन काम लागलंय. डावीकडून श्वास. आज सकाळी पहिल्या लांबीत तीन गटांगळ्या, दुसरीत दोन. शेजारच्या लेनमध्ये त्याच आजी होत्या वाटतं, पाणघोडा, थांबून बघत होत्या.